धर्माच्या रकान्यात काय लिहाल?



बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाऊन ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, अशा कुटुंबांसाठी हे चार शब्द लिहीत आहे. विहारात त्रिसरण म्हणणे सोपे असते. आजूबाजूला आपलीच माणसे असतात, अंगावर शुभ्र वस्त्रे असतात, समोर तथागतांची मूर्ती असते. खरी परीक्षा पुढे असते. ती शाळेच्या कचेरीत होते, तहसीलच्या खिडकीपुढे होते, आणि दारात वही घेऊन उभ्या राहिलेल्या शिरगणतीच्या माणसापुढे होते. तो विचारतो, 'धर्म कोणता?' या दोन शब्दांच्या प्रश्नात श्रद्धा आहे, राजकारण आहे, पोटाची काळजी आहे आणि आपल्या मनाची साक्षही आहे.

हा विषय मुद्दाम घेण्याचे कारण आहे. 2021 साली व्हायची जनगणना लांबत गेली. अखेर 16 जून 2025 रोजी तिची अधिसूचना निघाली आणि 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख ठरली. या गणतीत धर्माबरोबर प्रत्येकाची जातही नोंदवायची असे सरकारने ठरवले. स्वतंत्र भारतात सगळ्या जातींची अशी नोंद करण्याचे हे प्रथमच ठरले. म्हणजे प्रत्येक बौद्ध घरापुढे दोन प्रश्न ठेवले गेले: धर्म कोणता आणि जात कोणती? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की माणसाचा पाय घसरतो. ती गल्लत होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी शाळामास्तर आहे. जून महिना उजाडला की प्रवेशाचे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. नुकतीच दीक्षा घेतलेला बाप नाव, गाव, जन्मतारीख भराभर सांगतो आणि धर्माच्या ओळीपाशी थांबतो. मग आवाज खाली आणून विचारतो, 'गुरुजी, बौद्ध लिहिलं तर पोराची स्कॉलरशिप जाईल का?' शेजारी उभी असलेली आई म्हणते, 'जुनंच राहू द्या. उगाच कटकट नको.' ही माणसे लबाड नाहीत. लेकराचे शिक्षण थांबू नये, एवढीच त्यांची तळमळ असते. पण त्यांच्या मनात जी भीती आहे तिला मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे ती भीती आजही घर करून आहे.

प्रथम तथागतांच्या काळातील एक प्रसंग पाहू.

वैशालीत लिच्छवींचा सिंह नावाचा सेनापती होता. तो निगंठांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, उपासक होता. संथागारात जमलेले लिच्छवी बुद्धाची, धम्माची आणि संघाची स्तुती करताना त्याने ऐकले आणि भगवंतांना भेटावे असे त्याला वाटले. त्याच्या गुरूंनी त्याला थोपवले. पण पुन्हा पुन्हा तीच ओढ लागल्यावर तो कोणालाही न विचारता निघाला. भगवंतांविषयी जे प्रवाद कानावर आले होते ते त्याने तोंडावर विचारले, उत्तरे ऐकली, मनाचे समाधान झाले, आणि आपल्याला उपासक करून घ्यावे अशी त्याने विनंती केली.

एका गणराज्याचा सेनापती आपण होऊन शरण येत होता. राजकारणाच्या हिशेबाने पाहिले तर याहून मोठी प्राप्ती कोणती? पण भगवंतांनी त्याला घाई करू दिली नाही. तुझ्यासारख्या जाणत्या आणि नामांकित माणसाने नीट विचार करूनच पाऊल टाकावे, असे त्यांनी सांगितले. सिंह चकित झाला. दुसऱ्या पंथाच्या लोकांना मी असा शिष्य मिळालो असतो, तर त्यांनी निशाण घेऊन साऱ्या वैशालीत मिरवणूक काढली असती, असे तो म्हणाला. त्याची श्रद्धा अधिकच दृढ झाली आणि त्याने शरण घेतले. मग भगवंतांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. तुझ्या घरी निगंठांना फार वर्षांपासून भिक्षा मिळत आली आहे. ते दारी आले तर त्यांना भिक्षा देणे बंद करू नकोस.

या एका प्रसंगात आपल्याला हवे ते सारे आहे. धम्म स्वीकारायचा तो डोळे उघडे ठेवून. स्वीकारल्यावर तो लपवायचा नाही. सिंहाने लपवला नाही. जुन्या पंथाच्या माणसांशी वैर धरायचे नाही. आणि कोण किती मोठा माणूस आपल्याकडे आला, याची निशाणे फडकवत फिरायचे नाही. श्रद्धेचा बाजार होऊ नये म्हणून स्वतः तथागतांनी किती काळजी घेतली, हे आपल्या पुढाऱ्यांनीही वाचावे.

आता आपल्या काळाकडे येऊ.

भारतीय संविधानाच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच कलमात धर्म 'प्रकट' करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. प्रकट करणे म्हणजे मनात आहे ते उघडपणे सांगणे. परंतु ज्या वर्षी संविधान अमलात आले त्याच 1950 साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. हिंदू धर्माहून वेगळा धर्म प्रकट करणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची समजू नये, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते. 1956 साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही.

त्याच 1956 सालच्या 14 ऑक्टोबरला नागपुरात बोधिसत्त्व बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखो लोकांना स्वतः दीक्षा व 22 प्रतिज्ञा दिल्या. सवलती जातील ही शंका त्या वेळीही लोकांच्या मनात होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी तिला बगल दिली नाही. पण अवघ्या दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बाप गेला, आणि मागे राहिलेल्या लेकरांपुढे सरकारी फॉर्म आला.

त्या लेकरांनी काय केले ते आकड्यांत लिहिलेले आहे. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. 1961 साली ती सुमारे 27 लाख 90 हजार झाली. साऱ्या देशात ती सुमारे 1 लाख 80 हजारांवरून साडेबत्तीस लाखांवर गेली. हे आकडे शाळेत पाठ करण्याजोगे आहेत. ज्यांनी हे लिहविले त्यांतले बहुतेक अंगठेबहाद्दर होते. स्वतः लिहिता येत नव्हते म्हणून त्यांनी गणतीवाल्याला बजावून सांगितले, 'बौद्ध लिहा.' महाराष्ट्र सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना दिल्या हे खरे. पण केंद्राच्या नोकऱ्या आणि विधानसभा-लोकसभेतील राखीव जागा यांची दारे बंद होती, आणि ती कधी उघडतील हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही गावकुसाबाहेरच्या झोपडीतून तो शब्द ठणकावून सांगितला गेला. आपल्या धम्माचा पहिला लेखी पुरावा या निरक्षर माणसांनी उभा केला आहे.

किंमतही मोजावी लागली. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या निवडीला आव्हान दिले गेले. हा उमेदवार बौद्ध झाला आहे, म्हणून तो अनुसूचित जातीचा नाही, असा आक्षेप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1964 साली निकाल लागला. धर्म प्रकट करणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. माणसाच्या मनाच्या तळाशी काय आहे, याची झडती न्यायालयाने घेतली नाही. त्याने चारचौघांत काय जाहीर केले, एवढे पाहिले. ती निवड रद्द झाली.

या निकालाचा धडा दोन प्रकारच्या माणसांनी दोन प्रकारे घेतला. काही म्हणाले, मग चारचौघांत बोलायचेच कशाला? घरात बुद्ध ठेवू आणि कागदावर हिंदू राहू. दुसरे म्हणाले, कायदा अन्यायाचा असेल तर कायदा बदलून घेऊ. 1964 साली रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जो देशव्यापी सत्याग्रह केला, त्याच्या मागण्यांत जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. हजारो माणसे तुरुंगात गेली. तरी ही मागणी मान्य व्हायला 1990 साल उजाडावे लागले. त्या वर्षी विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना संसदेने कायदा करून आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला. 1956 ते 1990 ही 34 वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी होय.

त्या पिढीतील कित्येकांनी नोकरीच्या अर्जावर 'हिंदू' लिहिले. माझ्या वडिलांच्या एका मित्राने केंद्र सरकारच्या एका खात्याचा अर्ज तसाच भरला होता. घरात सहा तोंडे होती. नोकरी मिळाली, घर उभे राहिले, पण बुद्धजयंतीच्या सभेत ते कधी पुढच्या रांगेत बसले नाहीत. त्यांना कोणी काही म्हणत नव्हते. त्यांचे मनच त्यांना मागे बसवीत होते. अशा माणसाला आज दोष देण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. ज्याच्या ताटात भाकरी आहे त्याने उपाशी माणसाच्या शीलाची मापे काढू नयेत. त्या फॉर्मने एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला सत्य ठेवले होते, हा त्या व्यवस्थेचा अपराध होता.

पण आज ती सक्ती उरलेली नाही, हे नीट ध्यानात घ्या. 1990 पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाला केंद्राच्याही सवलती आहेत. 'बौद्ध' लिहिल्याने त्या जात नाहीत. तरीही 'उगाच कटकट नको' म्हणून जुनेच लिहीत राहणे म्हणजे पोलीस निघून गेल्यावरही हात वर करून उभे राहण्यासारखे आहे. पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो: मुसावादा वेरमणी. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची ही शिकवण बाजारात आहे, कोर्टात आहे, तशी फॉर्मच्या रकान्यातही आहे.

येथे एक प्रामाणिक शंका येते. आपण जात सोडली. मग जातीच्या रकान्यात पुन्हा ते जुने नाव का लिहायचे? ही शंका घेणारा तरुण मला आवडतो, कारण त्याचे मन जागे आहे. त्याला माझे उत्तर असे आहे.

धर्माचा रकाना विचारतो, तू काय मानतोस? त्याचे उत्तर तुझ्या श्रद्धेचे आहे आणि ते 'बौद्ध' असेच असले पाहिजे. जातीचा रकाना वेगळे विचारतो. तुझ्या वाडवडिलांवर या समाजाने कोणता शिक्का मारला होता, एवढेच तो विचारतो. भाजलेला माणूस डॉक्टरला डाग दाखवतो. डाग दाखवला म्हणून आगीवर त्याची श्रद्धा आहे असे कोणी म्हणत नाही. तशी ती जखमेची नोंद आहे. भरपाई मागायची तर जखम दाखवावी लागते. आपण जात मानत नाही, पाळत नाही, मुलांना शिकवत नाही. पण जातीने आपले काय केले ते विसरूनही चालणार नाही.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. 2011 च्या जनगणनेत धर्म आणि अनुसूचित जात हे प्रश्न वेगवेगळे होते, आणि बौद्ध असून अनुसूचित जातीचा असल्याची नोंद करता येत होती. धर्माला 'बौद्ध' सांगा आणि जातीच्या प्रश्नाला मूळ अनुसूचित जातीचे नाव सांगा. जातीच्या जागी 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' एवढेच सांगितले, तर अनुसूचित जातींच्या यादीत त्या नावाची जात नसल्याने आपली गणना त्यांत होत नाही. जातीच्या दाखल्याचेही असेच आहे. केंद्राच्या कामासाठी दाखल्यात मूळ जात आणि बौद्ध धर्म या दोन्हींचा उल्लेख हवा. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकातील उतारे, जुने कागद जपून ठेवा. जात पडताळणीत त्यांचीच गरज पडते. दीक्षेच्या उत्साहात ते फाडू नका. धर्मबदलाची नोंद राजपत्रात प्रसिद्ध करता येते, ती करून घ्या. आणि गणतीचा माणूस मनानेच काही लिहू लागला तर त्याला नम्रपणे थांबवा. आपण सांगू तो धर्म लिहिणे हे त्याचे कर्तव्य आहे. आपली वैयक्तिक माहिती जनगणनेच्या 1948 च्या कायद्याने गुप्त ठेवली जाते, तेव्हा शेजारच्या वाड्याला काय वाटेल ही भीतीही नको.

आता थोडे राजकारणाविषयी.

बाबासाहेबांनी धम्माच्या कार्यासाठी 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. राजकारणासाठी रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांनी वेगळी मांडली, आणि तो पक्ष त्यांच्या पश्चात 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झाला. दोन कामांसाठी दोन घरे होती. पुढे पक्षाचे गट पडले, गटांचे उपगट पडले, आणि पक्षातले भांडण विहारात शिरले. एका वस्तीत दोन विहार, दोन जयंत्या, दोन मिरवणुका, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मत कोणाला द्यायचे हे ज्याने त्याने आपल्या बुद्धीने ठरवावे. पण वंदनेला शेजारी बसलेला उपासक वेगळ्या गटाचा आहे म्हणून त्याला साधा जय भीमही न करणे, हे कोणत्या शीलात बसते?

तसेच, 'आमची मागणी मान्य करा, नाही तर आम्ही धर्मांतर करू', असे इशारे काही पुढारी अधूनमधून देतात. मागणी मान्य झाली तर तथागत नकोत काय? 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 साली दीक्षा घेतली. मधली 21 वर्षे त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, मनाशी वाद घातला, लोकांना समजावले. सिंह सेनापतीला भगवंतांनी जो विचार करायला सांगितला होता, तो बाबासाहेबांनी आपल्या सर्वांच्या वतीने 21 वर्षे केला. अशा धम्माला सौद्यातले नाणे करणे शोभत नाही.

धर्म प्रकट करण्याची किंमत महाराष्ट्राबाहेर आजच्या पिढीलाही द्यावी लागली आहे. गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा गावच्या ज्या कुटुंबाला 2016 साली मेलेल्या गाईचे कातडे सोलल्यावरून अमानुष मारहाण झाली, त्याने 26 एप्रिल 2018 रोजी धम्मदीक्षा घेतली. त्या राज्यात धर्मांतरासाठी सरकारी परवानगीचा कायदा आहे, आणि बौद्ध धर्मात जाण्यासाठीही ती परवानगी लागते असे परिपत्रक तेथील सरकारने एप्रिल 2024 मध्ये काढले. दिल्लीत ऑक्टोबर 2022 मध्ये एका दीक्षा समारंभात 22 प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या, म्हणून तेथे हजर असलेल्या राज्याच्या मंत्र्याला चार दिवसांत राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच्या मनातला धर्म सत्तेला सहन होत नाही, तेव्हा ती प्रथम अर्ज मागते आणि मग खुलासा मागते. अशा वेळी ज्यांना एका ओळीत आपला धर्म लिहिता येतो त्यांनी कचरावे काय?

शेवटी घरातले सांगतो. कागदावर 'बौद्ध' लिहिले आणि देव्हाऱ्यातले जुने देव तसेच राहिले, मुलाचा ताप उतरावा म्हणून कोंबडे कापले गेले, सोयरीक करताना पोटजात पाहिली, तर तो शब्दही खोटाच ठरला. फॉर्म वर्षातून एकदा भरावा लागतो. घर रोज चालवावे लागते. म्हाताऱ्या आईला मात्र टोचून बोलू नका. साठ वर्षांची तिची सवय आहे. तिच्या हाताला धरून विहारात न्या, अर्थ समजावून सांगा, वाट पाहा. सिंहाच्या दारी जुन्या गुरूंची भिक्षा बंद करू नकोस म्हणणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत.

2011 च्या जनगणनेत देशात 84 लाख 43 हजार बौद्ध होते आणि त्यांतले 65 लाख 31 हजार महाराष्ट्रातले. संख्या वाढावी म्हणून मी तुम्हाला 'बौद्ध' लिहा म्हणत नाही. संख्या हे राजकारणाचे माप आहे. मनात आणि कागदावर एकच अक्षर असलेला माणूस ताठ चालतो, त्याची लेकरे ताठ चालतात, म्हणून म्हणतो. तो माणूस दारात येईल तेव्हा घरातल्या लहान मुलाला पुढे करा. 'धर्म कोणता?' याचे उत्तर त्याला देऊ द्या. 1961 साली त्याच्या निरक्षर पणजीने जे उत्तर दिले असेल, तेच त्याच्या तोंडून आज मोठ्याने येऊ द्या.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, जय बुद्ध.